खाऱ्या पाण्याचे बिऱ्हाड

गेल्या मे महिन्यात माझा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. नागपुरात शोभेच्या माशांच्या दुकानात तो कामाला आहे. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची बदली वर्ध्याला झाली आणि त्याची समुद्री माशांची काचपेटी पोचवायचे काम याच्या गळ्यात पडले. म्हणाला, "मामा, एक बी मासा मेला तर माह्या पगारातून कापतो म्हणते मालक."

अंतर ७५-८० किलोमीटर आणि ऊन ४५ डिग्रीचे. खारे पाणी मुळातच प्राणवायू कमी धरते, तापले की आणखी कमी. वाटेत सांडले तर समुद्र काही आपल्या सेलूला नाही.

म्हणून आदल्या दिवशीच पोराने ४० लिटर जास्तीचे पाणी तयार केले. पाणी फिल्टरचे, नळाचे नाही. घरातले आयोडीनचे मीठ चालत नाही, काचपेटीसाठी वेगळे समुद्री मीठ मिळते. ते लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम. रात्रभर छोटा पंप लावून पाणी घुसळत ठेवले, कारण ताजे कालवलेले मीठ माशांना सोसत नाही. माशांचे खाणेही एक दिवस बंद, म्हणजे पिशवीत घाण होत नाही.

बादल्या नव्या, झाकणाच्या. साबण लागलेली किंवा रंगाची एकही नको. पिशव्या दुहेरी, एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि त्या थर्माकोलच्या खोक्यात. सेलवर चालणारा हवेचा पंप, जास्तीचे सेल, जुने टॉवेल. खडक वेगळ्या बादलीत, नाहीतर गचक्याने मासा खाली चिरडतो.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे फिल्टरचा कळकट स्पंज. तो धुवायचा नाही, त्याच जुन्या पाण्यात ओला ठेवायचा. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात. ते मेले तर पोचलेले मासे चार दिवसांनी मरतात आणि दोष हमालाचा निघतो. गोड्या पाण्याच्या पेटीलाही हाच नियम, फक्त मीठ सोडा. आणि पेटी नेहमी रिकामी करूनच उचला. लिटरला किलोभर वजन असते, सांधे उकलतात.

हे सगळे झाले, पण पेटीत एक टणक प्रवाळ होते. पोवळ्याच्या जातीचे. खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखी. शिक्षा किमान ३ वर्षे कैद. मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० साली १८ प्रवाळ वसाहती हलवल्या. ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केले, आणि महापालिकेलाही आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. इथे गाडी अडवली तर सापडणार कोण? मालक घरी, खोका पोराच्या मांडीवर.

मी म्हटले, कागद माग. त्याने मागितले. मालक चिडला, "तू वकील आहेस का?" पोरगा म्हणाला, "साहेब, मासे नेतो. हे तुम्ही न्या."

पहाटे ४ ला निघाले, ऊन चढायच्या आत पोचले. पाण्याचा खारेपणा जुळवत थोडे थोडे पाणी मिसळून मासे सोडले. एकही मेला नाही, पगारही कापला नाही.

प्रवाळ नागपुरातच आहे. कागद अजून आलेले नाहीत.