पाटीवरचा आकडा

तीन माणसांची मोजणी चुकू शकते असे कोणी सांगितले असते, तर मी त्याला हसलो असतो. बरे, ती तीन माणसे काही अडाणी नव्हेत. तिघेही दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार. वेलीवरचे घड, फवारणीचे औषध आणि बँकेचे हप्ते यांचा हिशेब त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी बिनचूक सांगतील. शिवाय ज्या तालुक्यात वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः मोजून घेतात, त्या तालुक्यात हे जन्मलेले. तरीही गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांची मोजणी चुकली. मोटर जळाली ती जळालीच, पण माझ्या आजोळच्या घरात अबोला शिरला.

हे तिघे माझे मामेभाऊ. मामांच्या मागे जमिनीच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. विहीर तेवढी सामाईक राहिली. सातबाऱ्यावर तिच्यात प्रत्येकाचा तिसरा हिस्सा लिहिलेला आहे. पण मोटरचा तिसरा हिस्सा काही चालू करता येत नाही! म्हणून मामांनीच हयातीत एक पद्धत घालून दिली होती. मोटरीच्या खोलीत शाळेतली एक पाटी टांगलेली. पाणी घ्यायला पहिला येईल त्याने हिरवे बटण दाबावे आणि पाटीवर १ लिहावे. दुसरा आला की त्याने २ करावे, तिसऱ्याने ३. जाताना प्रत्येकाने एक कमी करावा, आणि शेवटी राहील त्याने लाल बटण दाबून घरी जावे. कोणाला हाका मारायला नकोत की कोणाची वाट पाहायला नको. इतकी साधी पद्धत की तिच्यात चूक शोधणे म्हणजे मामांचाच अपमान.

छाटणी होऊन बाग नुकती फुटलेली. वीज रात्रीची. त्या रात्री तिघांचेही पाणी चालू होते. पहाटे पाहतात तो तिन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि मोटर मात्र चालूच राहिलेली. पाण्याला वाट न राहिल्याने पाइप फुटला, रात्रभर विहीर ओढ्यात रिकामी झाली, आणि शेवटी कोरडी फिरून फिरून मोटर जळाली. पाटीवर शांतपणे १ हा आकडा बसलेला होता.

तो एक कोण? दादा म्हणाला, "मी शेवटी आलो तेव्हा पाटीवर २ होते. मी १ केले आणि गेलो. कोणीतरी अजून बागेत होते." मधला म्हणाला, "मी माझा आकडा पुसला होता." धाकटा म्हणाला, "मीही पुसला होता." तिघे खरे बोलत असते, तर पाटीवर शून्य हवे होते. म्हणजे एकजण खोटे बोलतो आहे, आणि तो आपण नाही, एवढे प्रत्येकाला पक्के ठाऊक! झाले. धनत्रयोदशीला मी पोचलो तेव्हा तीन घरांत तीन आकाशकंदील होते, आणि एका घरचा फराळ दुसऱ्या घरी गेलेला नव्हता.

आमची आक्का, म्हणजे या तिघांची बहीण, दुसऱ्या दिवशी आली. तिची पंचाईत निराळीच. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊबीजेला तीन पाट एका ओळीत मांडू, की ताम्हण घेऊन तीन घरांत फिरू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते तिच्या मुलाजवळ निघाले.

आक्काचा मुलगा पुण्याला असतो. तो प्रोग्राम लिहितो, पण लग्नाच्या पत्रिका छापणारे नव्हेत. संगणकाच्या अगदी पोटातले. कोण खोटे बोलतो हा प्रश्न त्याने कोणालाही विचारला नाही. तिन्ही मामांना वेगवेगळे गाठून त्याने एवढेच विचारले, "मामा, त्या रात्री तुम्ही आधी काय केलेत आणि मग काय केलेत?" आणि जे ऐकले ते घड्याळाच्या क्रमाने एका कागदावर मांडले.

तेव्हा जे उघडकीस आले ते असे. व्हॉल्व्हकडे जायची वाट मोटरीच्या खोलीवरून जाते. म्हणून तिघांचाही रिवाज असा की, जाताजाता पाटीकडे बघायचे. १ असेल तर आपणच शेवटचे. तिथेच लाल बटण दाबायचे. जास्त असेल तर पुढे जाऊन आपला व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि परतताना एक कमी करून लिहायचे. त्या रात्री धाकट्याने पाहिले, ३. तो व्हॉल्व्हकडे गेला. पाठोपाठ मधल्याने पाहिले, ३. तोही गेला. धाकट्याने परत येऊन ३ पुसून २ लिहिले. थोड्या वेळाने मधला आला. काखेत टॉर्च, हात चिखलाचे. त्याच्या डोक्यात मघाचा ३ होता. त्याने पाटीवर तळवा फिरवला आणि लिहिले, २. दोघे गेले, आकडा मात्र एकानेच कमी झाला. मग दादा आला, त्याने २ पाहिले, १ केले आणि झोपायला गेला.

"म्हणजे कोणीच खोटे बोलले नाही?" मी विचारले.

"कोणीच नाही, मामा. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये वाट होती, तिने घात केला. आमच्या धंद्यात हीच चूक रोज होते. तिच्यावर माणसांचे पगार चालतात!"

मग त्याने ओट्यावर बसून मला त्याच्या धंद्यातली विहीर दाखवली, ती मला कळली तशी सांगतो.

संगणकाची मेमरी म्हणजे सामाईक विहीर. तिच्यातली एखादी जागा, समजा एखादे चित्र ठेवलेली, प्रोग्रामचे अनेक भाग एकाच वेळी वापरत असतात. काम संपल्यावर ती जागा परत करायची असते. पण ती कोणी करायची? १९६० साली जॉर्ज कॉलिन्स या अमेरिकन गणितज्ञाने मामांचीच युक्ती छापून प्रसिद्ध केली. प्रत्येक जागेसोबत एक आकडा ठेवावा, वापरणारा आला की एक वाढवावा, गेला की एक घटवावा, शून्य झाले की जागा मोकळी करावी. याला रेफरन्स काउंटिंग म्हणतात. त्या वेळी संगणकात एका वेळी एकच काम चाले, म्हणजे विहिरीवर एकच माणूस. तेव्हा पाटी बिनधोक होती. आज खिशातल्या फोनमध्येसुद्धा आठ-आठ कोअर, म्हणजे आठ गडी एकदम राबत असतात, आणि 'एक कमी कर' हे आपल्याला एक वाटणारे काम खरोखर तीन असते: आकडा वाचणे, एक वजा करणे, परत लिहिणे. या तिन्हींच्या मध्ये दुसरा गडी घुसला की दिंडोरी झालीच.

चूक दोन तऱ्हेची होते. आकडा जास्त राहिला तर जागा कधीच मोकळी होत नाही. मोटर चालू राहते. आकडा कमी राहिला तर कोणी वापरत असतानाच जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि ही चूक भयंकर. आपल्या खोलीत आपण झोपलेलो असताना घरमालकाने नवा भाडेकरू आत सोडावा तसे. हा भाडेकरू चोरही असू शकतो. २०१६ सालच्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात अशीच एक चूक सापडली. किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात एका वाटेने आकडा वाढे, पण घटतच नसे. आकड्याला ३२ बिटांचीच जागा. तेव्हा ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढवला की मीटर फिरून पुन्हा शून्यावर येई, जागा वापरात असताना मोकळी होई, आणि साधा वापरणारा संगणकाचा मालक होऊन बसे. २०१७ साली लिनक्सने नव्या तऱ्हेचा आकडा आणला. तो वर टोकाला पोचला की तिथेच अडकून बसतो, फिरून शून्यावर येत नाही. जागा कायमची अडली तरी चालेल, पण चोर नको!

"आमची मोटर अडकून बसली तिचे पैसे कोण देणार?" आतून मधल्या वहिनी म्हणाल्या. त्या सारे ऐकत होत्या तर!

"यावर उपाय काय?" मी विचारले.

"खडू," भाचा म्हणाला. "पाटीला दोरीने एकच खडू बांधायचा. खडू हातात घेतल्याशिवाय पाटी वाचायची नाही, आणि लिहून झाल्याशिवाय खडू सोडायचा नाही. शून्य आले तर खडू हातात असतानाच लाल बटण दाबायचे. व्हॉल्व्हकडे त्यानंतर जायचे."

प्रोसेसरमध्ये यासाठी खास हुकूम असतो. वाचणे, बदलणे आणि लिहिणे हे तो एका दमात करतो, मध्ये कोणी शिरू शकत नाही. पण यात रांग लागते, वेळ जातो. म्हणून जिथे एकटाच गडी आहे तिथे साधी पाटी आणि जिथे अनेक आहेत तिथे खडूची, अशा दोन पाट्या ठेवतात. 'रस्ट' नावाच्या भाषेत साधीला 'आरसी' आणि खडूच्या पाटीला 'आर्क' म्हणतात. साधी पाटी चुकून दुसऱ्या गड्याच्या हाती देऊ गेलात, तर ती भाषा तुमचा प्रोग्राम तयार करायलाच नकार देते. २०१५ च्या मे महिन्यात तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिच्या जनकाने नाव घेतले आहे ते तांबेऱ्याच्या बुरशीवरून, हे ऐकून धाकट्याला, तो कधी येऊन बसला होता कोण जाणे, पहिल्यांदा हसू आले. 'पायथॉन' भाषेची तऱ्हा वेगळी. तिथे वर्षानुवर्षे सगळ्या गावाला मिळून एकच खडू होता; तो ज्याच्या हाती त्याचेच काम चाले. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून, प्रयोग म्हणून, तो एक खडू काढून टाकण्याची सोय झाली. जागेच्या धन्याचा आकडा एका पाटीवर आणि बाकीच्यांचा दुसरीवर ठेवून ते हिशेब जमवतात.

"आणखी दोन नियम आहेत," भाचा म्हणाला. "आपले पाणी खरोखर संपेपर्यंत आकडा पुसायचा नाही."

यावर धाकटा एकदम उसळला. "हे मधल्या दादाला सांग! दहा मिनिटांत होईलच म्हणून आधी पुसून जेवायला जातो. मी मोटर बंद केली की याचे खत पाइपातच राहते, आणि वर मलाच बोलतो!" प्रोसेसरही म्हणे घाईत असा कामांचा क्रम उलटा करतात, म्हणून 'आधीचे सारे काम पुरे झाल्यावरच आकडा घटव' असे त्यांना वेगळे बजावून सांगावे लागते.

"आणि दुसरा नियम?"

"शून्याचे एक करायचे नाही. विहिरीवर हिरवे बटण पुन्हा दाबता येते. आमच्याकडे शून्य झाले म्हणजे जागा गेली. कदाचित दुसऱ्याची झालीसुद्धा. तिथे १ लिहिणे म्हणजे परक्याच्या दारावर आपली पाटी लावणे. आधी कोणाच्या तरी हातात जागा असेल, तरच त्याच्याकडून आपण घ्यायची."

मी म्हटले, "मग हे सगळे पाळले की मोजणी कधीच चुकणार नाही?"

तो थोडा थांबला. "एक जागा राहते. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या, तर बाहेरचे सगळे सोडून गेले तरी दोघींचा आकडा १ च राहतो. शून्य कधीच होत नाही. १९६३ साली मॅकबेथ नावाच्या गृहस्थाने एका पत्रात हे दाखवून दिले. तिथे मोजणी चालत नाही. कोणीतरी बाहेरून येऊन बघावे लागते, की यांना आता खरोखर कोणाची गरज आहे का."

ओट्यावर कोणी बोलले नाही. दादा दारात उभा होता. 'त्याने आधी बोलावे, मग मी' असे दोघेही धरून बसले होते; बाहेरच्याने येऊन पाहिले ते हेच, हे समजायला संगणक लागत नाही. दादाने कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बोटाने ओळी पुढे सरकवत दोनदा वाचला. मग धाकट्याला म्हणाला, "मला वाटले, तू." धाकटा म्हणाला, "मला वाटले, मधला." आणि मधला त्या वेळी मोटरवाल्याकडे गेलेला होता, ते बरेच झाले.

भाऊबीजेला आक्काने पाट एका ओळीत मांडले. तीन त्यांचे, चौथा माझा. ती दादाला ओवाळत होती तोच वीज आली. धाकटा सवयीने पाटावरून उठू लागला. तसा कुंकू लावलेला दादा ताम्हणाआडून म्हणाला, "अरे, ओवाळून घे आधी. आणि गेलास की खडू धर, मग बघ."