गाणं पिक्चरमध्ये नाही, ही तक्रार नेमकी कशाची?

मित्रांनो, पोस्ट थोडी लांबलीय. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात केडगावात एका लग्नाला गेलो होतो. वरातीत पुढं हलगीवाले, मागं डीजेचा टेम्पो. थोडा वेळ हलगी वाजली, मग पोरांनी नेहमीप्रमाणं ओरडा केला आणि डीजेवाल्यानं 'फँड्री'चं ते इंचूचं गाणं लावलं. पुढची दहा मिनिटं काय सांगावीत! नवरदेवाचे मित्र, मामा, चुलते, रिटायर्ड गुरुजी, सगळे रस्त्यावर. गाणं येऊन बारा वर्षं झाली, तरी नगर-पुणे रोडवरच्या वराती त्याच्याशिवाय पुढं सरकत नाहीत.

नंतर मंगल कार्यालयाबाहेर चहा घेत उभे होतो. एक पंचविशीतला पोरगा मला म्हणाला, "सर, गाणं एक नंबर. पण पिक्चरवाल्यांनी फसवलं राव. मी मोबाईलवर अख्खा फँड्री पाहिला, त्यात हे गाणंच नाही!"

लगेच सगळ्यांना कंठ फुटला. एक म्हणाला, "बरोबर आहे, मी तर थेटरात तिकीट काढून फसलो होतो." दुसरा म्हणाला, "गाणं बघ, पिक्चर बघू नको. शेवटाला डोकं सुन्न होतं, पैसे देऊन कोण सुन्न होणार?" तिसरा म्हणाला, "अजय-अतुलचं गाणं वाया घालवलं. मधे टाकलं असतं तर पिक्चर अजून चालला असता." म्हणजे चर्चा रंगली ती गाण्यावरच. पिक्चर कशावर आहे, हे कोणीच बोलेना.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खुलासा. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात आला. अजय-अतुल यांचं ते गाणं प्रसिद्धीसाठी केलेलं होतं. व्हिडिओत जब्या आणि शालू दिसतात, पण प्रत्यक्ष चित्रपटात गाणं नाही. चित्रपटाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे. आपल्या वरातींमध्ये हे नाव कोणाला माहीत असण्याचं कारण नाही, कारण त्या संगीतावर नाचता येत नाही.

आता फसवणुकीचा मुद्दा. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. २०१६ मध्ये शाहरुख खानचा 'फॅन' आला. त्याच्या जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणं जोरात वाजत होतं, पिक्चरमध्ये मात्र नव्हतं. आपल्या शेजारच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिकेनं निर्मात्या कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचानं ती फेटाळली. राज्य आयोगानं मात्र त्यांना १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगानंही ते कायम ठेवलं. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यात दिसलेलं सगळं चित्रपटात असेलच असं वचन त्यातून दिलं जात नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

कायद्याचं झालं. पण मला त्या शिक्षिकेचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. गाणं दाखवून माणूस थेटरात बोलवायचा आणि आत गाणं द्यायचं नाही, हा धंद्याचा भाग आहेच. परदेशात तर ही रीत जुनी. 'चित्रपटातली आणि चित्रपटावरून सुचलेली गाणी' असं म्हणून निरनिराळ्या गायकांची गाणी एकत्र करायची आणि अल्बम विकायचा. १९९५ च्या 'बॅटमॅन फॉरएव्हर'च्या अल्बममधली निम्म्याहून जास्त गाणी चित्रपटात नव्हतीच. अल्बम तरीही तुफान खपला. ऐकणाऱ्यांनी तेव्हाही कुरकुर केली असेल. ग्राहक म्हणून ती कुरकुर रास्त आहे.

पण 'फँड्री'च्या बाबतीत मला ही तक्रार खटकते. का ते सांगतो, आणि त्यासाठी आधी स्वतःचीच एक चूक कबूल करतो.

२०१४ साली मी नगरमध्ये बातमीदारी करत होतो. फँड्री लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात गेलो. थेटरात पोरं गाण्याची वाट बघत होती. अर्ध्या तासानं एकानं मागून आवाज दिला, "अरे गाणं कधी?" हशा पिकला. मध्यंतरानंतर पुन्हा कोणीतरी तेच ओरडलं, तेव्हा हशा कमी झाला. शेवटी जब्यानं दगड भिरकावला, पडदा काळा झाला आणि थेटरात कोणी बोलेना. दिवे लागले तरी दोन-चार जण खुर्चीतच बसून होते. बाहेर पार्किंगमध्ये नेहमी असतो तो गलका नव्हता.

आणि मी दुसऱ्या दिवशी काय बातमी लिहिली? 'गाजलेले गाणे चित्रपटात नसल्याने प्रेक्षकांचा हिरमोड.' चार ओळींची चौकट. थेटरात शांतता पसरली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते लिहिलं नाही. हिरमोडाची बातमी सोपी होती, शांततेची लिहिता आली नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात 'बातमी कुठं आहे ते ओळखा' असं शिकवलं होतं. त्या दिवशी बातमी समोर होती आणि मी भलतीकडं बघत होतो.

आता गाण्याकडं येऊ. जब्या कैकाडी समाजातला पोरगा. घरात गरिबी. गावात डुकरं पकडायचं काम त्याच्या बापाच्या, कचरूच्या माथी मारलेलं. 'फँड्री' हा शब्दच कैकाडी भाषेतला, त्याचा अर्थ डुक्कर. जब्याला वर्गातली शालू आवडते. त्याला जीन्सची पँट पाहिजे. काळ्या चिमणीमागं तो रानोमाळ फिरतो. एवढंच त्याचं स्वप्न. गावच्या जत्रेत मिरवणुकीपुढं नाचायला जातो, तर बाप हाक मारतो आणि त्याच्या डोक्यावर दिवा देतो. बाकीची पोरं नाचतात, हा उजेड धरून उभा.

हे आठवा आणि मग सांगा, या पोराला गावानं गाणं म्हणू दिलं असतं का?

इंचूचं गाणं हे खरं तर जब्याच्या मनातलं गाणं. एखाद्या पाटलाच्या पोराची गोष्ट असती, तर ते पिक्चरमध्ये नक्की आलं असतं, उसाच्या फडात, विहिरीच्या काठावर. जब्याच्या वाट्याला ते येत नाही. त्याच्या वाट्याला डुकराचा पाठलाग येतो, तोही शाळेजवळ, वर्गातली पोरं बघतात अशा जागी. तो पाठलाग रंगात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. माणसं आहेत तिथं ताठ उभी राहतात आणि डुक्कर निवांत निघून जातं. मराठी सिनेमात राष्ट्रगीताचा असा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. 'पिक्चरमध्ये गाणं नाही' म्हणणाऱ्यांनी ते राष्ट्रगीत ऐकलं नाही का?

दिग्दर्शकाच्या मनात नेमकं काय होतं, मला माहीत नाही. असेल साधा प्रसिद्धीचा हिशोब. पण ऐकणारा म्हणून मला आज असं वाटतं, की गाणं बाहेर आणि पिक्चर आत, ही वाटणी अगदी आपल्या गावासारखी झालीय. बाहेर वरातीत सगळे एकत्र नाचतात. आत पंगतीत कोण बसतं ते वेगळं.

आता आपल्या भागाबद्दल. फँड्रीच्या गोष्टीतलं गाव कोणतं? अकोळनेर. आपलं अकोळनेर! दौंडकडून रेल्वेनं येताना नगरच्या अलीकडचं. केडगावातून दुचाकी काढली तर अर्ध्या तासाच्या आत पोचाल. संतचरित्रं आणि कीर्तनं महाराष्ट्रभर पोचवणाऱ्या दासगणू महाराजांचं जन्मगाव, १८६८ सालचं. अकोळनेरकर मित्रांनो, राग मानू नका. गोष्ट काल्पनिक आहे, नाव तुमच्या गावाचं असलं तरी गाव आपल्या सगळ्यांचं आहे. आणि नागराज काही लांबचा माणूस नाही. करमाळ्याकडच्या जेऊरचा, नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकलेला. 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यानं तिथं शिकतानाच केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानं आपल्याला जवळून पाहिलंय. म्हणून तर टोचतं.

तेव्हा बरेच जण म्हणाले होते, "हे जुनं झालं, आता आपल्याकडं असं काही राहिलं नाही." फँड्री लागून अडीच महिने झाले नाहीत, तोच २८ एप्रिल २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, १७ वर्षांच्या एका दलित शाळकरी पोराचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, या संशयावरून. पिक्चरमधल्या जब्यानं निदान दगड तरी मारला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. त्या वर्षीही लग्नसराईत इंचूचं गाणं वाजतच होतं. मी स्वतः नाचलोय, खोटं कशाला बोलू.

पुढं २०१६ मध्ये 'सैराट' आला. त्याच्या संगीतासाठी थेट अमेरिकेत, लॉस एंजलिसला मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण झालं. या वेळी चारही गाणी पिक्चरमध्ये होती. तक्रारीला जागा नव्हती. तरी तक्रार झालीच: "गाणी भारी, शेवट नको होता." तो शेवट आठवतो ना? रक्तात माखलेली पावलं आणि आवाज पूर्ण बंद. पूर्वार्धात सगळ्या महाराष्ट्राला नाचवणारा माणूस शेवटी आवाजच काढून घेतो. आपण मात्र नाच घेतला आणि शांतता थेटरातच ठेवून आलो. झिंगाट आजही प्रत्येक हळदीला वाजतं. ज्यांच्या घरात पोरीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिचं नाव काढत नाहीत, त्यांच्याही हळदीला वाजतं.

कोणी म्हणेल, सर, गाणं हे करमणुकीसाठी असतं, त्यात कशाला एवढं खोल जायचं? मान्य. मी नाचू नका म्हणत नाही. अजय-अतुलचा ठेका लागला आणि पाय हलले नाहीत, तर माणसात काहीतरी बिघाड आहे. गाण्यानं पिक्चर लाखो लोकांपर्यंत नेला, हेही खरं. गाणं नसतं तर केडगावातल्या किती जणांनी फँड्रीचं नाव तरी ऐकलं असतं? माझं म्हणणं एवढंच, की गाण्यानं दारापर्यंत आणलंय तर आत या. दारातच नाचून परत जाऊ नका, आणि वर दारवाल्यालाच फसवलं म्हणू नका.

आता त्या लग्नाकडं परत येतो, कारण ही पोस्ट लिहायचं कारण तेच आहे.

चहा झाला, चर्चा झाली, आम्ही जेवायला आत गेलो. बफे होता. बाहेर पडताना पाहिलं, तर हलगीवाले डीजेच्या टेम्पोच्या आडोशाला खाली बसलेले. चौघं जण, त्यातला एक जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. त्यांना द्रोण-पत्रावळीवर बाहेरच वाढून आणून दिलं होतं. आत स्टीलची ताटं, खुर्च्या, पंखे. कोणी त्यांना 'आत येऊ नका' म्हणालं नसेल. पण 'आत या' असंही कोणी म्हणालं नाही. त्यांनाही ते वेगळं वाटत नसावं, ते मुकाट्यानं जेवत होते.

फँड्रीतला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, गावाकडं हलगी वाजवणाराच पोरगा. त्याला त्या भूमिकेसाठी उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या पिक्चरच्या गाण्यावर आम्ही तासाभरापूर्वी नाचलो होतो आणि त्याच्यासारखाच एक पोरगा टेम्पोच्या चाकाला टेकून भात खात होता.

मी काय केलं? काही नाही. गाडी काढली आणि घरी आलो. यजमान ओळखीचे, कुठं वाईटपणा घ्या, असा विचार केला. म्हणजे २०१४ च्या त्या चौकटीनंतर मी फार पुढं गेलेलो नाही.

पुढच्या पंधरवड्यात अजून दोन लग्नं आहेत. यजमानांना आधीच फोन करून सांगणार आहे, वाजवणाऱ्या पोरांना आपल्याबरोबर आत जेवायला बसवा. ते लाजले तर मी त्यांच्याशेजारी बसतो. यात मोठं काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि त्या पंचविशीतल्या पोराला मी एवढंच म्हणालो, पिक्चर परत एकदा बघ, या वेळी गाण्याची वाट न बघता. त्याचा काल मेसेज आला. लिहिलंय, "सर पाहिला. गाणं नाही तेच बरंय."

तुम्ही फँड्री कुठं पाहिला होता, आणि थेटरातून बाहेर पडताना शेजारचा काय बोलला होता? आठवत असेल तर खाली लिहा. जातीवरून शिवीगाळ करणाऱ्या कमेंट उडवल्या जातील, बाकी मतभेदाचं स्वागत आहे.