सही आमची, शाळा कुणाची?

दोस्तांनो, गोदीत माल हलवताना पेटीला कुणी विचारत नाही, तुला कुठं जायचंय. हूक घातला, उचलली, दुसरीकडं आदळली. आमच्या पोरांच्या शाळा आता तशाच हलवायला काढल्यात.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारनं २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचे प्रस्ताव मागवले. आकडा निघाला सुमारे १५ हजार शाळांचा, १ लाख ८५ हजार पोरांचा. पानशेत अन् तोरणमाळचे नमुने पुढं केले. मोठी इमारत, प्रयोगशाळा, बस. नको कुणाला? आम्हालाही हवंय. पण या शाळा वाडीवरच्या, तांड्यावरच्या, पाड्यावरच्या. बस आली नाही की पोरगी घरी बसते. चार वेळा बसली की कायमची बसते. पट का घटला, हे वस्तीत येऊन विचारलं कुणी?

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ काढा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक. निम्म्या बायका. वंचितांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ सांगतं, शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा. म्हणजे झाडूवाली, नाका कामगार, हमाल हे कागदावर शाळेचे कारभारी. अन् प्रत्यक्षात? रजिस्टर पुढं सरकतं, ‘ताई, इथं सही करा.’ ताई रोजी बुडवून आलेली. सही करते, निघते. ठराव मागाहून लिहिला जातो.

त्यात हा कायदा आठवीला संपतो. नववी-दहावीचा हक्क त्यात नाही. माध्यमिक शाळेची समिती आहे, पण ती सरकारी योजनेतली, या कायद्यातली नाही. नेमकी तिथंच आमची पोरं गळतात.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला ठणकावलं होतं, पैसा रयतेचा अन् शिक्षण वरच्यांचं. हिशेब अजून मिटलेला नाही.

म्हणून ऐका. सल्ला म्हणजे सगळं ठरल्यावर कळवणं नव्हे. तुमची आई, वहिनी समितीवर असेल तर तिच्यासोबत कायदा वाचा. बैठकीला जा. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही. आठवीनंतर पोरगी कुठल्या शाळेत, किती लांब जाणार, हे लिहिल्याशिवाय ठराव नाही. कोऱ्या कागदावरची सही हा अंगठाच. आमच्या बापजाद्यांनी सावकाराकडं तो पुष्कळ उठवला. आता बस्स.

जय भीम!