पहिल्या दोन तासांतली सोडचिठ्ठी

जुन्या गेमचा गाभा तसाच ठेवून त्याची दृश्ये आणि ध्वनी नव्या यंत्रांसाठी घडवणे म्हणजे रीमास्टर. पण त्या गेमला पडद्याबाहेरून जो आधार होता, तो या घडणीत बहुधा मोजलाच जात नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी, घोषणा झाली त्याच दिवशी विक्रीला आलेला बेथेस्डाचा ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ हा आरपीजी, म्हणजे पात्राची कौशल्ये खेळाडूने स्वतः घडवायचा खेळ, याचा ठळक दाखला आहे. २००६ च्या मूळ गेमचे नियम जुन्याच इंजिनावर चालत ठेवून त्यावर अनरियल इंजिन ५ चे दृश्यरूप चढवले गेले.

तुरुंगाची कोठडी, सम्राटासोबत पलायन, गटारातले उंदीर, आणि उजेडात येण्याआधीच जन्मरास व वर्ग यांची निवड, हा क्रम कायम राहिला. २००६ च्या ग्राहकाने डबा विकत घेतलेला असे, त्यात छापील माहितीपुस्तिका असे आणि पैसे मोजल्यामुळे चिकाटीही असे. आजच्या ग्राहकाला स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मागता येतात, आणि गेम पासच्या वर्गणीदाराला तर सोडून देण्याची किंमतच पडत नाही. पूर्वी सात प्रमुख कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्यावरच पातळी वाढे आणि चुकीची निवड फार उशिरा कळे. आता प्रत्येक पातळीला १२ गुण वाटता येतात. सुधारणा योग्यच, परंतु ती टिकून राहिलेल्यांच्या पदरी पडते, गटारातूनच परतलेल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

अर्थात प्रत्येक निरोप हे अपयश नव्हे. जुना खेळाडू गटाराच्या तोंडाशी उभा राहून तळ्यापलीकडचे अवशेष नव्या प्रकाशात पाहतो आणि तृप्त होऊन थांबतो. गळतीच्या आकड्यांत त्याची आणि गोंधळून गेलेल्या नवख्याची नोंद एकच होते, हा मोजणीचा दोष आहे.

भाषेचा आधारही असाच मोजणीबाहेर राहतो. वारली, गुजराती, हिंदी आणि मराठी कानावर पडणाऱ्या सिल्वासा परिसरात, रांध्यासारख्या गावी, सव्वाशे जीबी जागा अडवणारा हा गेम उतरवून घेतला तरी त्यातली लांबलचक संभाषणे यांपैकी एकाही भाषेत मिळत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० च्या ‘राजी’ या आपल्या गेमची सुधारित आवृत्ती काढताना, तो आरपीजी नसूनही, हिंदी संवाद घातले, दृश्यांइतकाच खर्च कानासाठी करण्याची ती तयारी मोठ्या रीमास्टरांत अजून दिसत नाही.