डब्यातली गोडी

नोव्हेंबर सरत आला की जर्मनीतील घराघरांत भट्टी तापू लागते. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ तेथे ‘ॲडव्हेंट’ म्हणून पाळला जातो. ॲडव्हेंट म्हणजे आगमन. हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावर चार मेणबत्त्या बसवितात आणि दर रविवारी एक अधिक पेटवितात. चौथी पेटली की सण दाराशी आला, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. याच आठवड्यांत आजी, आई आणि मुले एकत्र बसून बिस्किटे करतात. काही चंद्रकोरीसारखी, काही ताऱ्यांसारखी, तर काही कोरीव लाकडी साच्यावर दाबून नक्षी उमटविलेली. त्यांना तेथे ‘प्लेट्सखेन’ असे लाडके नाव आहे. गार झाल्यावर ती पत्र्याच्या डब्यात थरावर थर रचून ठेवतात. अनेक घरांत नाताळची संध्याकाळ होईपर्यंत मुलांच्या वाट्याला येतो तो केवळ सुगंध आणि एखादा मोडलेला तुकडा.

आज हा सारा प्रकार चैनीचा वाटतो. परंतु या गोडव्याचे मूळ उपवासात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मध्ययुगीन युरोपात नाताळपूर्वीचा हा काळ संयमाचा मानला जाई. मांस वर्ज्य असे, आणि अनेक प्रांतांत दूध, लोणी व अंडी हीदेखील वर्ज्य असत. मग खावे काय? पीठ, मध, सुकामेवा आणि मसाले एवढ्यावरच भागवावे लागे. या मर्यादेत मठांतील व गावांतील भटारी जे पदार्थ करू लागले, त्यांतील सर्वांत नामांकित म्हणजे ‘लेबकुखेन’. मधामुळे त्यातील ओलावा टिकतो आणि तो पुष्कळ दिवस खराब होत नाही. भाजल्यानंतर काही दिवस तो कडक असतो, पण डब्यात मुरल्यावर मऊ व चवदार होतो. घाई करणाऱ्याला त्याची खरी चव लागतच नाही.

लेबकुखेनसाठी जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर प्रसिद्ध आहे आणि त्यामागे अर्थकारणाची दोन कारणे आहेत. शहराभोवतीच्या राजवनात मधमाश्या पाळण्याचा व्यवसाय इतका भरभराटीला आला होता की त्या वनाला ‘साम्राज्याची मधुवाटिका’ म्हणत. दुसरे कारण असे की हे शहर मोठ्या व्यापारी मार्गांच्या संगमावर वसले होते. मिरी, सुंठ व वेलदोडे मलबारच्या किनाऱ्यावरून अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून निघत, व्हेनिसच्या बाजारात विकले जात आणि तेथून आल्प्स पर्वत ओलांडून न्यूरेंबर्गच्या पेठेत पोहोचत. जर्मनीच्या काही भागांत या पदार्थाला ‘मिरीचा केक’ असेच म्हणतात. त्या काळी ‘मिरी’ हा शब्द परदेशी मसाल्यांसाठी सरसकट वापरला जाई. बर्फाळ देशातील त्या बिस्किटाला असा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा गंध आहे.

न्यूरेंबर्गच्या या कारागिरांना १६४३ मध्ये स्वतःचा स्वतंत्र संघ मिळाला. कोणी, कसा व कोणत्या प्रतीचा माल करावा याचे नियम ठरले आणि ती शिस्त आजही टिकून आहे. ‘एलिझेन’ या सर्वोत्तम प्रतीच्या लेबकुखेनमध्ये बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के असावे लागतात आणि पिठाचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. १९९६ पासून ‘न्यूरेंबर्ग लेबकुखेन’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. त्या शहराबाहेर केलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही.

उपवासाच्या या कथेत एक विलक्षण प्रकरण मात्र लोण्याचे आहे. सॅक्सनी प्रांतात ड्रेस्डेन शहराच्या परिसरात नाताळासाठी ‘स्टोलेन’ नावाचा लांबट पाव करीत. लोणी वर्ज्य असल्याने तो तेलात करावा लागे. ऑलिव्हचे तेल भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशात मुबलक. उत्तरेकडील थंड मुलखात चांगले तेल मिळणे कठीण आणि जे मिळे ते महाग व बेचव असे. गाई मात्र घरोघरी होत्या. तेव्हा आम्हांला लोणी वापरू द्यावे, अशी विनंती सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमला केली. १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी ती मान्य केली. ते पत्र इतिहासात ‘लोण्याचे पत्र’ म्हणून ओळखले जाते. परवानगी अर्थात फुकट नव्हती. तिच्यापोटी चर्चच्या बांधकामासाठी रक्कम द्यावी लागे. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा तर आजही ‘लोण्याचा मनोरा’ या नावाने ओळखला जातो. उपवासात लोणी खाण्याच्या परवानगीतून जमलेला पैसा त्याच्या कामी आला, असे सांगितले जाते.

या व्यवहाराकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. ज्या मुलखात तेल पिकत नाही तेथे तेलाचाच आग्रह धरणे हा गरिबावर अन्याय होता. रोमच्या हवामानात जे सोपे होते, ते सॅक्सनीच्या थंडीत जाचक होते. नियम देशकाल पाहून लवचीक करणे यात गैर काहीच नाही. गैर होते ते त्या लवचीकतेला किंमत लावणे. नियम योग्य असेल तर तो पैशाने सैल होऊ नये आणि अयोग्य असेल तर तो मोडण्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागू नयेत. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत नेमकी हीच तक्रार केली. उपवासाचे नियम घालायचे आणि मग लोणी खाण्याची मोकळीक विकायची, हा त्यांचा आक्षेप होता. सवलत विकत घेता येते, पण संयम मात्र विकत मिळत नाही आणि विकताही येत नाही. जमाखर्चाच्या वहीत त्याला रकानाच नसतो.

पुढे उपवास शिथिल झाले आणि लोणी मुक्तपणे वापरात आले. साखर मात्र दीर्घकाळ श्रीमंतांचीच राहिली. १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटाच्या कंदात उसासारखीच साखर असल्याचे दाखविले. त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बीटापासून साखर काढण्याचा कारखाना उभारला. त्या शतकात साखर स्वस्त होत गेली, तसे नाताळचे बिस्किट भटाऱ्याच्या दुकानातून सामान्य गृहिणीच्या ओट्यावर आले. आज जी घरगुती परंपरा अनादी वाटते, तिच्यामागे बाजारभावाचा असा हात आहे.

शिक्षण वा नोकरीनिमित्त जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डिसेंबरात शेजाऱ्यांकडून अशा बिस्किटांची बशी येते. मध आणि अंडी वर्ज्य असलेल्या घराने तेथे सावध असावे. पारंपरिक लेबकुखेनमध्ये मध असतो, एलिझेन प्रकारात बहुधा अंडी असतात आणि दालचिनीचे तारे तर अंड्याच्या पांढऱ्या बलकावरच उभे असतात. काही पाककृतींत ‘हरिणशिंगाचे मीठ’ असे नाव आढळते. पूर्वी ते खरोखर शिंगांपासून काढीत. आज मात्र ते कारखान्यात तयार होणारे अमोनियाचे क्षार आहेत.

तरीही परत पाठवायची बशी रिकामी राहण्याचे कारण नाही. जर्मन गृहिणींचे ‘एक-दोन-तीन’ हे सूत्र अंड्यावाचून उत्तम साधते. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम थंड लोणी आणि ३०० ग्रॅम मैदा. चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घालून हलक्या हाताने गोळा करावा. फार मळू नये, नाही तर बिस्किट चिवट होते. गोळा भुगभुगीत वाटल्यास चमचाभर थंड दूध घालावे. तो अर्धा तास थंड जागी ठेवून जाडसर लाटावा, आकार कापावेत आणि १८० अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजावे. कडा सोनेरी होताच बाहेर काढावे. गरम असताना ते मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. चव घेणाऱ्याला नानकटाईची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

अलीकडे जर्मनीतील दुकानांत नाताळचे लेबकुखेन सप्टेंबरातच, उन्हाळा पुरता सरण्याआधी दिसू लागतात आणि वडीलधारी माणसे त्याबद्दल दरवर्षी कुरकुर करतात. माल तोच, वेष्टनही तेच. तरी त्यांना त्यात काहीतरी उणे वाटते. उणीव आहे ती प्रतीक्षेची. चार मेणबत्त्या एकाच दिवशी पेटविल्या तर उजेड अधिक पडेल, पण ॲडव्हेंट उरणार नाही. जुन्या उपवासाचे कठोर नियम गेले, त्यांची परवानगीपत्रेही गेली, पण त्यामागचा भाव एका पत्र्याच्या डब्यात शिल्लक राहिला आहे. तो डबा हाताशी असतो, त्याला कुलूप नसते आणि तो उघडण्यासाठी कोणाला दाम मोजावा लागत नाही. तरीही घरातील मूल सणाच्या संध्याकाळपर्यंत थांबते. त्या थांबण्यानेच आतील बिस्किट गोड होते.