छोट्या गाडीची सरहद्द

दक्षिण कोरियात दोरासान नावाचे एक रेल्वे स्टेशन आहे. 2002 साली उभे राहिलेले, प्रशस्त, चकचकीत. उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग कोणत्या दिशेला आहे, हे सांगणारी पाटीही तिथे आहे. पण तिकडे जाणारी प्रवासी गाडी नाही. एकाच भाषेच्या माणसांमध्ये राज्यकर्त्यांनी 1945 साली रेघ ओढली, ती फाळणी आजही कायम आहे.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा नांदेड-लातूरचा माणूस मात्र निजामाचीच रयत होता. आपलीही एक सरहद्द होती आणि तिच्यावरून अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी धावत होती.

ती बार्शी लाईट रेल्वे. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 साली लातूरला पोचली. बार्शी, पांगरी ही गावे इंग्रजांच्या मुलखात. येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या. गाडी एकच, पण पांगरी सोडली की राज्य बदले, कायदा बदले, खिशातले नाणेही बदले. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये असा भाव होता. माल इकडचा तिकडे नेला की निजामाची करोडगिरी भरावी लागे. दोन्ही बाजूंचे शेतकरी-मजूर मराठीच बोलत, एकमेकांत सोयरिकी करत; भुर्दंड तेवढा त्यांच्या माथी.

याच वाटेवरच्या कसबे तडवळे गावी 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली. खुद्द बाबासाहेब आले. निजामाच्या हद्दीत येऊन त्यांनी आपल्या माणसांना जागे केले. सरहद्द माणसाला अडवते, विचाराला अडवू शकत नाही, हे त्या दोन दिवसांनी दाखवले.

पुढे रझाकारांचा जाच वाढला. घरदार सोडून कितीतरी कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली. बार्शी-सोलापूरकडे लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. हा दिवस आपण अभिमानाने पाळतो, पाळावाच. पण त्यानंतर निरपराध मुसलमान बायका-मुलांवर जे ओढवले, तेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. सत्ता एकाची जाते, सूड मात्र गरिबाच्या झोपडीवर उगवला जातो.

सरहद्द नकाशावरून पुसली. रुळांवरून पुसायला कितीतरी वर्षे गेली. छोटी गाडी लातूरला येऊन थांबे, आणि निजामाच्या काळातली मोठी लाईन तीसेक किलोमीटर दूर, लातूर रोडवरून जाई. मधे रूळच नव्हते. पुढे ही दोन ठिकाणे जोडली गेली. कुर्डुवाडीपर्यंतचा मार्ग 2008 साली मोठा झाला, तेव्हा कुठे लातूरची गाडी थेट मोठ्या रुळांवरून पुण्या-मुंबईकडे धावू लागली.

आणि 12 एप्रिल 2016 च्या पहाटे त्याच मिरज-लातूर वाटेने दहा टँकरची गाडी आली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी होते. ज्या वाटेवर एकेकाळी जकात उभी होती, त्याच वाटेने कृष्णाकाठचे पाणी तहानलेल्या लातूरला मिळाले. त्या पाण्याला कुणी मुलूख विचारला नाही, की जात विचारली नाही.

पुढच्या वेळी लातूरहून गाडीत बसाल, तेव्हा येडशी-पांगरीच्या मधे मुलांना खिडकीशी बसवा. बाहेर सारखीच माती दिसेल, सारखीच पिके दिसतील. इथे सरहद्द होती, असे सांगितले तर मुले विचारतील, "कुठे?" त्यांना सगळे सांगा. तडवळ्याचे सांगा आणि 1948 चेही सांगा.