रंकाळ्याचे पाणी, मोती तलावाचे ऊन

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. जालन्याहून एवढा प्रवास करून आलोच आहोत, तर टाऊन हॉलचे संग्रहालय पाहून घेऊ, असे ठरले. मुले जुनी हत्यारे बघायला पळाली. आम्ही मात्र आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी असे अडकलो की शेवटी बोलवायला माणूस पाठवावा लागला.

आबालाल म्हणजे अब्दुल अजीज. कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घरातला हा मुलगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पण मुंबईत रमला नाही. कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थाच्या काठी राहिला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. दरबारात बसण्यापेक्षा रंकाळा, पंचगंगेचा घाट, झाडांखालची सावली यांतच त्यांचा जीव. 1922 मध्ये महाराज गेले. त्यानंतर आबालालांनी आपली बरीच चित्रे तलावात सोडून दिली, अशी आठवण कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये तेही गेले.

पाहावे ते त्यांच्या चित्रांतले पाणी. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. जिथे ऊन हवे तिथे कोरा कागद सोडायचा आणि भोवती सावली उतरवायची. एकदा का रंग तिथे गेला की ते ऊन परत मिळत नाही. म्हणून आधी बराच वेळ नुसते पाहावे लागते. आमच्या मराठवाड्यातले ऊन तर आणखी अवघड. दुपारी ते रंगच खाऊन टाकते; काळी जमीनसुद्धा पांढरट दिसते. चित्र काढायचे तर फजरनंतरचा तासभर, नाहीतर असरनंतर.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आठवीतल्या एका मुलीला आम्ही एलिमेंटरी परीक्षेला बस म्हटले. हात चांगला आहे. तिचे वडील मोसंबीच्या बागा घेतात. ते शाळेत आले आणि अदबीने, पण ठाम बोलले, "सर, स्मरणचित्रात माणसं काढावी लागतात म्हणे. आमच्या घरात तस्वीर चालत नाही."

वाद घालणे आमच्या स्वभावात नाही आणि फतवा देणे आमचे काम नाही. आम्ही त्यांना आबालालांच्या घराविषयी सांगितले. स्मरणचित्राला माणसे लागतात हेही लपवले नाही. इंटरमिजिएटपर्यंत गेली तर दहावीला जादा गुण मिळतात, हेही सांगितले. (गुणांचे नाव काढले की पालक जरा टेकून बसतात, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव.) मग मुलीची वही पुढे ठेवली. सकाळचा मोती तलाव होता.

त्यांनी वही लांब धरली, जवळ घेतली.

"हे मधे कोरं का सोडलं? रंग संपला होता?"

"नाही अब्बा," दारापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "ते ऊन आहे."

ते काही बोलले नाहीत. अर्ज मागून घेतला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि सलाम करून निघाले. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत आहे.